सहल डिसेंबरात, लावणी जुलैत

प्रति,
माननीय शिक्षण संचालक (प्राथमिक),
महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,



मी मावळातली भातशेतकरी. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून बसले आहे, आणि पुण्या-पिंपरीच्या शाळांच्या बसगाड्या आमच्या शिवारात येतात तेव्हा बांधावर त्यांची वाट पाहत उभीही राहिले आहे. त्यामुळे सहल काढणाऱ्यांच्या अडचणी आणि सहल झेलणाऱ्यांच्या अडचणी, दोन्ही मला ठाऊक आहेत. आपलं अन्न कुठून येतं ते दाखवायला प्राथमिकच्या मुलांना शेतावर न्यायचं, ही कल्पना उत्तमच. पण बहुतेक ठिकाणी ती थट्टेवारी जाते. ती का जाते आणि आपल्या एका परिपत्रकाने त्यात काय सुधारेल, एवढंच सांगायचं आहे. शाळेशाळेला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा आपल्यालाच जाहीर लिहिलेलं बरं.

आधी वेळापत्रकाचं बोलू. शाळेची सहल निघते डिसेंबर-जानेवारीत. पाऊस नसतो, सहामाही आटोपलेली असते, स्नेहसंमेलनाच्या अलीकडे-पलीकडे दोन दिवस मोकळे सापडतात. त्या दिवसांत आमच्या खाचरांत भाताची धसकटं उभी असतात. कुणी ओलीवर हरभरा नाहीतर मसूर टाकलेला असतो, तोही वीतभर. शंभर मुलं बसमधून उतरली तरी त्यांना दाखवायचं काय? मग सहल जाते कृषी पर्यटन केंद्रावर. बैलगाडीची एक फेरी, विहिरीवर दाखवण्यापुरती मोट, चुलीवरची भाकरी थापताना एक फोटो, आणि मग सगळा वेळ झोके, घसरगुंडी आणि रेन डान्स. केंद्र चालवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. राज्य सरकारने 2020 साली कृषी पर्यटनाचं धोरणच आणलं, आणि त्यावर बऱ्याच घरांचा प्रपंच चालतो. मुलांनी पाण्यात नाचू नये असंही माझं म्हणणं नाही. फक्त त्याला ‘क्षेत्रभेट’ म्हणून परिसर अभ्यासाच्या वहीत नोंदवू नये.

काही शाळा मात्र जुलैत येतात, लावणीला. त्या येतात याचं मला कौतुक आहे. पण तिथे काय होतं ते बांधावरून नीट दिसतं. बूट-मोजे काढून मुलं खाचरात उतरतात, पहिल्या पावलाला किंचाळतात, दुसऱ्याला हसतात. रोपांची जुडी हातात दिली की दहा-बारा काड्या एकदम मुठीत धरून ढोपराएवढ्या खोल खुपसतात. फोटो निघतो, शिट्टी वाजते, पुढची तुकडी. बस गेल्यावर आमच्या बाया तेवढा पट्टा उपटून पुन्हा लावतात.

मुलांचा त्यात काही दोष नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की एका चुडात दोन-तीनच काड्या लावायच्या, त्या अंगठा आणि दोन बोटांत मुळाशी धरायच्या, आणि चिखलात जेमतेम रुतवायच्या. खोल गेल्या की फुटवे कमी फुटतात, आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. कृषिशास्त्रज्ञ डॉ. सावंतांच्या चारसूत्री पद्धतीत तर खुणा केलेल्या दोरीवर लावणी होते. एक अंतर पंधरा सेंटिमीटर, एक पंचवीस, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी. चौथीतल्या मुलाला सेंटिमीटर कळतो. पट्टी घेऊन तो वहीत रेघा मारतो, तशी दोरीवर लावणी करणं त्याला अजिबात जड नाही. मात्र त्यासाठी एका गटाला वीस मिनिटं न देता दोन तास द्यावे लागतात, आणि एका वेळी खाचरात शंभर मुलं न उतरवता पंधरा उतरवावी लागतात.

एकदा एका मुलीने आमच्यातल्या एका आजींना विचारलं, “तुमची पाठ दुखत नाही का?” आजी म्हणाल्या, “दुखती की. पण पाठीचं काय विचारतीस, हजेरी किती मिळते ते विचार.” मुलगी विचारणारच होती. तेवढ्यात बाईंनी हाक मारली, गटाचा फोटो राहिला होता.

महोदय, हे पत्र लिहायला बसले ते त्या न विचारलेल्या प्रश्नापायी. अन्न कुठून येतं, याचं उत्तर आपल्या सहली ‘मातीतून’ असं देऊन मोकळ्या होतात. माती आहे, पाऊस आहे, बैल आहे. माणसं मात्र फक्त फोटोत आहेत आणि पैसा तर कुठेच नाही. बांधावर हातात येणारी हजेरी म्हणजे मजुरी, बाजारातली हिशेबपट्टी, दुकानातला भाव ही अन्नाची वाट मुलांना दाखवायचीच नाही, असा जणू अलिखित नियम आहे. पैशाचं बोलणं लहान मुलांपुढे बरं नव्हे, असं शिक्षकांना वाटत असावं. पण याच मुलांना आपण नफा-तोट्याची उदाहरणं घालतो, आणि त्यातला ‘रामू’ बारमाही पेरूच विकत असतो.

त्याऐवजी हे उदाहरण घाला. 2023 च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा नेला. भाव निघाला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हातात पडला दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. वर्तमानपत्रांतून सगळ्या राज्याने तो पाहिला. चौथीच्या वर्गाला हे वजाबाकीचं गणित म्हणून येईल. मग मुलं विचारतील की एवढं माहीत असताना तो कांदा घेऊन गेलाच का? या प्रश्नावर एक अख्खा तास द्यावा, आणि उत्तर शिक्षकाने सांगू नये. कांदा चाळीत किती दिवस टिकतो, लाल कांदा कुठला आणि उन्हाळ कुठला, हे त्या ओघात आपोआप येतं. लाल कांदा टिकत नाही. तो ठेवायचा म्हटलं तर सडतो, न्यायचा म्हटलं तर भाडं अंगावर पडतं.

भाताचंही असंच मांडता येईल. केंद्राने 2025-26 च्या हंगामासाठी साध्या भाताला क्विंटलमागे 2,369 रुपये हमीभाव ठरवला. हा भाव साळीचा, म्हणजे टरफलासकट. गिरणीत भरडली की एक क्विंटल साळीतून साठ-पासष्ट किलोच्या आसपास तांदूळ पडतो. बाकी तूस, कोंडा, कणी. मुलांनी घराजवळच्या दुकानातला तांदळाचा भाव लिहून आणावा आणि गिरणीवाल्याला भरडाई विचारावी. मधले रुपये कुणाकुणाला गेले याचा माग काढावा. त्यात चोर सापडलाच पाहिजे असं नाही. पोतं, वाहतूक, गोदाम, तूट, दुकानाचं भाडं हे सगळं खरं असतं. पण माग काढायची सवय लागेल.

आणि सहल एकाच बाजूने का जावी? शहरातली मुलं खेड्यात येतात, खेड्यातल्या मुलांनी मात्र सहलीला किल्ला पाहायचा नाहीतर देवदर्शन करायचं. आमच्या पोरांना भात कसा पिकतो ते पाठ आहे. तो गावाबाहेर पडला की त्याचं काय होतं, हे त्यांना शहरातल्या मुलांइतकंच अंधुक आहे. म्हणून आम्ही आमच्या चौथीला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नेलं. पहाटे निघालो, कारण यार्ड नऊ वाजता पाहण्यात अर्थ नाही. जुन्नरची, खेडची, पुरंदरची भाजी रात्रीच उतरलेली असते. गाळ्यापुढे कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग, मधून पाठीवर पोतं घेतलेला हमाल ‘बाजू, बाजू’ करत येतो, आणि पोरं भिंतीला चिकटून उभी राहतात. एका आडत्याने त्यांना हिशेबपट्टी वाचायला दिली. वरती आवक किती, भाव किती, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि तळाला शेतकऱ्याला देय. आमच्यातला एक मुलगा ती मोठ्याने वाचत होता, आणि हमालीच्या आकड्याशी थांबून त्याने समोरच्या हमालालाच विचारलं, “हे तुम्हाला मिळतात?”

तिथून पुढचा अर्धा तास त्या हमालदादांनी घेतला. हमालांची संघटना, हमाल पंचायत, कशी उभी राहिली, ती उभारणारे बाबा आढाव कोण, 1969 चा माथाडी कायदा आल्याने ओझं वाहणाऱ्यालाही भविष्यनिर्वाह निधी कसा मिळू लागला, हे त्यांनी पोत्यावर बसून सांगितलं. मग तेच मुलांना ‘कष्टाची भाकर’मध्ये घेऊन गेले. हमाल पंचायतीने 1974 साली कष्टकऱ्यांसाठी सुरू केलेलं हे जेवणघर. स्वस्त, आणि चवीलाही चांगलं. नागरिकशास्त्राचा एवढा सरळ धडा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

गाडीच नाही, पैसेच नाहीत म्हणणाऱ्या शाळांसाठीही एक जागा आहे, आणि ती शाळेतच आहे: पोषण आहाराची कोठी. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ येतो, तो भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून. मावळासारख्या भाताच्या मुलखात मुलांच्या ताटात पडणारा तांदूळ भलतीकडचाच असतो. पोत्यावरचा शिक्का मुलांना वाचायला लावा, नकाशा काढा, तो किती लांबून आला ते मोजा. काही वर्षांपूर्वी याच तांदळात निराळे दिसणारे दाणे सापडले, आणि गावोगाव बोभाटा झाला की पोरांना प्लॅस्टिकचा तांदूळ खायला घालतात. आया सुपात घेऊन ते वेचून फेकत होत्या. ते पोषणमूल्य वाढवलेले दाणे होते. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-12 मिसळून बनवलेले, शंभर दाण्यांत एक या प्रमाणात घातलेले. पोतं आलं त्याच दिवशी कुणी मूठभर तांदूळ वर्गात आणून तो दाणा भिंगाखाली दाखवला असता, तर एवढी फेकाफेक झाली नसती. ज्या घरात लोहाची गरज जास्त, त्याच घरात ते जास्त फेकलं गेलं.

‘गावरान’, ‘पारंपरिक’ या शब्दांचं वेडही अशा भेटीत कमी होईल. पुण्याचे पाहुणे आमच्याकडे इंद्रायणी मागतात, आणि हा तुमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा तांदूळ ना, म्हणून विचारतात. इंद्रायणी 1987 चा. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तो तयार झाला, आंबेमोहोर 157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून. आयआर-8 फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेचा. म्हणजे आमच्या इंद्रायणीचं निम्मं आजोळ समुद्रापार आहे, आणि त्याचा सुवास आला आंबेमोहोराकडून. आठ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट परीकथेसारखी आवडते, मी सांगून पाहिली आहे.

आता जरा कडू. साखर कुठून येते हे ज्या मुलांना सगळ्यात चांगलं माहीत आहे, ती हजेरीपटावर गैरहजर असतात. बीडकडून ऊसतोडीला जोडीने निघालेल्या नवरा-बायकोला ‘एक कोयता’ म्हणतात, आणि कोयत्यामागे दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत पोरंही फडावर जातात. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, तरी गळती पुरती थांबलेली नाही. कोल्हापूर-सांगलीकडची शाळा गुऱ्हाळावर सहल नेते. काहिलीत उकळणारा रस, भेंडीच्या पाण्याने वर येणारी मळी, चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या, हे सगळं पाहण्याजोगंच आहे; मुलं गरम काकवी चाटून खूश होतात. त्याच रस्त्यावर, पालापुढे, त्यांच्याच वयाची मुलगी धाकट्या भावाला सांभाळत उभी असते. सहल तिच्यापाशी थांबत नाही. थांबून करायचं काय, हे शिक्षकांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि ‘बघा किती गरीब’ असं बोट दाखवण्यापेक्षा न थांबलेलं बरं, हेही खरं. पण त्या मुलीला एक दिवस वर्गात बोलावून ऊस कसा तोडतात, मोळी कशी बांधतात, वाढं कुठे विकतात हे तिच्याकडून शिकता येईल. त्या दिवशी ती शिकवणारी असेल.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली नवी टूम नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. वारल्यांची पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. शाळेने कामाच्या जागी जायचं, कामाने शाळेच्या सोयीने थांबायचं नाही, एवढी साधी गोष्ट महाराष्ट्राला तेव्हा सुचली होती. मुंबईच्या शाळांना तर लांब जायलाही नको. ससून डॉक 1875 पासून तिथेच आहे. पहाटे मासळी उतरते तेव्हा जावं, आणि जूनमध्येही एकदा जावं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या ओळीने नांगरलेल्या, कोळी जाळी दुरुस्त करत बसलेले. त्या दोन महिन्यांत मासळी अंडी घालते म्हणून माणूस थांबतो, हे शिकायला रिकामा धक्काच बरा.

आपल्यापुढे कोणत्या अडचणी मांडल्या जातील, त्याची मला कल्पना आहे. सुरक्षिततेची सगळ्यात मोठी, आणि ती खरी आहे. 2016 साली मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले 14 विद्यार्थी बुडाले, त्यानंतर परवानग्यांचे कागद वाढले. वाढायलाच हवे होते. पण त्याचा परिणाम असा झाला की तालुक्यातल्या तालुक्यात, जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत येणाऱ्या भेटीलाही मुख्याध्यापक घाबरतात. शेवटी सगळं लचांड नको म्हणून वर्षाकाठी एकच लांबची सहल काढून मोकळे होतात. जुलैत आमच्याकडे धुवाधार पाऊस असतो, बांध निसरडे होतात, ओढ्याला पाणी असतं. तेव्हा ओढ्यापलीकडची खाचरं नकोत, रस्त्याकडेची घ्या. मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय कुठे, हे आधी विचारा, नुसतं ‘होईल काहीतरी’ म्हणून निघू नका. बहुतेक गावांत शाळेचंच वापरता येतं. पायाला जखम असलेल्या मुलाला चिखलात उतरवू नका. अशी काळजी एका कागदावर मावते.

आपल्याकडे मागणं असं आहे. तिसरी-चौथीच्या प्रत्येक वर्गाची वर्षातून दोनदा, एकाच शेतावर भेट व्हावी: एकदा लावणी-पेरणीला, एकदा काढणीला. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा मावळात झोडणी चालूच असते. आपण लावलेला चूड किती फुटला, हे मुलाला त्याच्याच दोरीवर मोजता आलं पाहिजे. तालुक्यातल्या अर्ध्या दिवसाच्या भेटीची परवानगी मुख्याध्यापकांनाच द्या. शैक्षणिक सहलीला एसटी निम्मं भाडं सोडते, पण जुलैत गाडी मागणारी शाळा विरळा. आगारांना आधी कळवलं तर गाड्या मिळतील. आमच्याकडे तर लोकलही येते. खेड्यातल्या मुलांना बाजार समिती, दूध संकलन केंद्र, गिरणी, धक्का यांतलं जे जवळ असेल ते दाखवा. आणि जिथे जाल तिथे मुलांना पैशाचे प्रश्न विचारू द्या. शिक्षकांनी मध्येच हाक मारू नये.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. ज्या बाया मुलांना लावणी शिकवतात, त्यांना त्या दिवसाची हजेरी शाळेने द्यावी, आणि ती मानधन म्हणून द्यावी. गुलाबाचं फूल आणि नारळ देऊन सत्कार नको. लावणीचा अर्धा दिवस मोडतो, मालकाचं काम खोळंबतं, आणि मजुरी कापली जाते ती तिची. संगणकाचं शिबिर घ्यायला येणाऱ्याला शाळा पैसे देते, तसेच इथेही द्यावेत. मुलांच्या देखत दिले तर आणखी चांगलं.

आमच्याकडे लावणी जूनच्या शेवटी सुरू होते आणि जुलैअखेर उरकते. शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. परिपत्रक मे महिन्यात निघालं तर यंदाचा वर्ग खाचरात उतरेल. ऑगस्टमध्ये निघालं तर त्याला एक वर्ष थांबावं लागेल, आणि तोवर आजची चौथी पाचवीत गेलेली असेल.

आपली,
मावळातली एक भातशेतकरी